रेकॉर्ड घ्यावी, सीडी टाकू नये

"ताई, खरं सांगा, रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा चांगला असतो ना?" माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक नवं माणूस हा प्रश्न विचारतं. ठाण्यात नौपाड्याला माझी एक खोली आहे. लोकांच्या घरच्या रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणं हा माझा व्यवसाय. त्याआधी बरीच वर्षं मी ख्याल शिकले आणि कानाला तीच सवय राहिली आहे: आधी तानपुरा कसा लागलाय ते ऐकायचं, मग बाकीचं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी गाणं ऐकणारी म्हणून देते आणि यंत्रं हाताळणारी म्हणूनही.

उत्तर असं आहे की, मोजून पाहिलं तर सीडी सरस ठरते. आवाजाच्या स्वच्छतेत, सुराच्या स्थिरपणात, बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर राखण्यात रेकॉर्ड तिची बरोबरी करू शकत नाही. तरीही मी रेकॉर्ड विकत घेते, जपते आणि तरुण मुलांनाही घ्यायला सांगते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. त्या का नाहीत, ते नीट समजून घेतलं तर घरातला पैसा योग्य ठिकाणी लागेल आणि घरातलं गाणंही वाचेल.

हे आज सांगायचं कारण म्हणजे रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली आहे. अमेरिकेत 2022 साली सुमारे 4 कोटी 10 लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी सुमारे 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर पहिल्यांदाच नगांच्या हिशेबात रेकॉर्ड सीडीच्या पुढे गेली. आपल्याकडेही जुन्या हिंदी चित्रपटांच्या एलपी नव्याने छापून येताहेत, आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डच्या ढिगापाशी विशी-पंचविशीतली मुलं दिसतात. दुसरीकडे त्याच मुलांच्या घरी सीडींचे खोके रद्दीवाल्याची वाट पाहत पडलेले असतात.

खाच आणि खड्डे

एलपीच्या एका बाजूवर एकच खाच असते, बाहेरच्या कडेपासून लेबलपर्यंत गोल फिरत गेलेली. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवरची ही खाच सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तिच्या दोन भिंतींवर आवाजाच्या लाटा कोरलेल्या असतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज, दुसरीवर उजव्या. हिऱ्याचं टोक असलेली पिन त्या भिंतींना घासत पुढे सरकते, थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. ही वीज फार क्षीण, पाच मिलिव्होल्टच्या आसपास. सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट बाहेर येतात, म्हणजे चारशेपट. म्हणून रेकॉर्ड प्लेअरला फोनो प्रीअँप लागतो. तो ही वीज वाढवतो आणि आणखी एक काम करतो. खर्जाच्या लाटा रुंद असतात. त्या पूर्ण ताकदीने कोरल्या तर शेजारच्या खाचेत शिरतील. त्यामुळे कोरताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवतात, आणि वाजवताना प्रीअँप हा हिशेब उलटा करून मूळचा तोल परत आणतो. प्रीअँपशिवाय रेकॉर्ड साध्या अँपला जोडली तर आवाज बारीक आणि पातळ का येतो, त्याचं कारण हे.

सीडीची तऱ्हा वेगळी. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून ती घडवली आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजी ती जपानमध्ये बाजारात आली. तिच्यात आवाजाची नोंद सेकंदाला 44,100 वेळा होते आणि प्रत्येक नोंदीसाठी 65,536 पायऱ्यांपैकी एक पायरी निवडली जाते. हे आकडे 12 सेंटिमीटरच्या चकतीवर सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात उमटलेले असतात. खड्ड्यांची रांग आतून बाहेर जाते आणि तिची लांबी पाच किलोमीटरहून जास्त भरते. लेसरचा किरण ती रांग वाचतो. चकतीला काहीही घासत नाही, म्हणून सीडी पहिल्यांदा वाजते तशीच हजाराव्या वेळीही वाजते. शिवाय आकडे लिहिताना त्यांच्यात दुरुस्तीची सोय गुंफलेली असते. ओळीने सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही, तरी प्लेअर हरवलेले आकडे आजूबाजूच्या आकड्यांवरून अचूक भरून काढतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, मग दोन तुकड्यांच्या मधलं गाणं हरवतच असेल. तसं होत नाही. नोंदींची संख्या सेकंदाला 44,100 असेल तर तिच्या निम्म्यापेक्षा कमी, म्हणजे जवळपास 22,000 कंपनांपर्यंतची लाट त्या नोंदींवरून पूर्णपणे परत उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालं आहे. निरोगी तरुण कान 20,000 कंपनांच्या आसपास थांबतो आणि वय वाढेल तशी ती मर्यादा खाली येते. कानाचा पुरावाही आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी दर्दी लोकांसाठी महागड्या रेकॉर्ड काढते. तिच्या कित्येक रेकॉर्ड बनवताना मधे एक डिजिटल पायरी वापरली जात होती, हे 2022 साली उघड झालं. त्या रेकॉर्ड शुद्ध अ‍ॅनालॉग समजून वर्षानुवर्षं वाखाणणाऱ्यांत अतिशय चोखंदळ कानांचे लोक होते.

तीन मिनिटं, वीस मिनिटं, सव्वा तास

आपल्या संगीतासाठी आवाजाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्यांच्या हाती तीनेक मिनिटं होती. रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून त्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आपले थोर गायक या मापात गायले. तासभर रंगवायचा राग त्यांनी तीन-साडेतीन मिनिटांत बसवला आणि त्यातून गाण्याचा एक वेगळाच घाट तयार झाला: पहिल्याच आवर्तनात रागाचं रूप उभं, दोन-चार मोजके आलाप, ताना आणि समेवर शेवट. केसरबाई केरकरांची भैरवीतली रेकॉर्ड असं साडेतीन मिनिटांत सगळं सांगते. 1977 मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी भारतातून तीच निवडली गेली. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने जून 1948 मध्ये एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. 1955 साली सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये एक एलपी केली, तिच्या एकेका बाजूवर एकेक राग. पाश्चात्त्य श्रोत्याने आपला राग एवढा वेळ सलग रेकॉर्डवर ऐकला तो तिथे. आपल्याकडे 1960च्या आणि 70च्या दशकांत एलपी रुळली. बडा ख्याल आणि छोटा ख्याल मिळून वीस मिनिटांत बांधण्याची नवी शिस्त गायकांनी आत्मसात केली. किशोरी आमोणकरांचा भूप ज्यांनी एलपीवर ऐकला आहे, त्यांना ही शिस्त किती उंचीवर जाऊ शकते ते ठाऊक आहे. गीतरामायणाची 56 गाणी सुधीर फडक्यांच्या आवाजात एचएमव्हीने 1965 मध्ये दहा एलपींच्या संचात आणली, ती एलपीच्या लांबीमुळेच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर त्याच गाण्यांसाठी केवढा ढीग लागला असता.

पण मैफलीतला यमन वीस मिनिटांत मावत नाही. विलंबित रंगात येतो आणि बाजू संपते. सीडीवर 74 मिनिटं, पुढे 80 मिनिटंही मावू लागली आणि आपल्या गाण्याला पहिल्यांदा पुरेशी जागा मिळाली. लंडनच्या नवरस रेकॉर्ड्ससारख्या कंपन्यांनी 1990च्या दशकात प्रत्यक्ष मैफलींच्या सीडी काढल्या. त्यांत तासाहून मोठे राग सलग ऐकता येतात. आलापात श्वास घेतल्याचा आवाज, तबलजीने तबला परत मिळवल्याची टकटक, श्रोत्यांतून उमटलेली "वाह", सगळं त्यात आहे. पूर्ण लांबीचा ख्याल ऐकायचा असेल तर मी कोणालाही निःशंकपणे सीडीच घ्यायला सांगते.

रेकॉर्ड घरात आली की

रेकॉर्डचा पहिला त्रास तिच्या आवाजातच आहे. खाचेत धूळ बसते, प्लास्टिक घासून स्थिर वीज धरतं आणि ती आणखी धूळ ओढते. चित्रपटगीतात ऑर्केस्ट्रा मोठा असतो, त्यात ही चरचर बुडून जाते. आलापात बुडत नाही. दोन तानपुरे, संथ षड्ज आणि मधे चटचट. सीडीवर बारीकातला बारीक आणि मोठ्यातला मोठा आवाज यांत 96 डेसिबलचं अंतर राखता येतं. चांगल्या एलपीवर ते 60 ते 70च्या घरात राहतं. तानपुऱ्याची आस जिथे विरत जाते, नेमका तो भाग रेकॉर्डच्या चरचरीखाली जातो.

दुसरा त्रास गतीचा. टर्नटेबल मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे 33 आणि एक तृतीयांश फेरे फिरलं पाहिजे. गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर अर्ध्या स्वराने चढतो: काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाजाचा पोतही बदलतो. भोक अगदी मधोमध नसेल तर प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या आसपास, सूर एकदा वर-खाली होतो. लांब धरलेल्या षड्जावर हे ऐकवत नाही. गती तपासायला स्ट्रोब चकती मिळते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी एलपीची चकती 180 रेघांची असते. योग्य गतीला त्या रेघा स्थिर दिसतात. त्यासाठी दिवा विजेबरोबर लुकलुकणारा हवा. काही एलईडी दिवे अजिबात लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली चकती काहीच सांगत नाही.

78च्या जुन्या तबकड्यांचा प्रश्न अधिक अवघड. पहिल्या दोन-तीन दशकांत सगळ्याच तबकड्या अचूक 78 गतीने मुद्रित होत नसत. अशी तबकडी उतरवताना मी बरोबरची पेटी कोणत्या पट्टीत वाजतेय ते आधी शोधते आणि त्यावरून गती ठरवते. हे न करता उतरवलेल्या कित्येक नाट्यपदांत गायकाचा आवाज खऱ्यापेक्षा चिरका झाला आहे, आणि नव्या पिढीला तोच खरा वाटतो.

तिसरा त्रास खाचेच्या भूमितीचा. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ वीसेक. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटी 'स' आणि 'श' फाटतात, तार सप्तक कर्कश होतं. आणि आपल्या गाण्याचा उत्कर्ष, द्रुत तानांचा भाग, नेमका त्या शेवटच्या पट्ट्यात येतो.

मग जागा, वजन आणि हवा. कव्हरसकट शंभर एलपींचं वजन पंचवीसेक किलो होतं, त्यामुळे हलकं शेल्फ वाकतं. रेकॉर्ड आडव्या रचल्या की खालच्या वाकतात, तिरक्या ठेवल्या तरी वाकतात. उन्हात बंद गाडीत राहिलेली एलपी लाटेसारखी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने बुरशीचे. पांढरे ठिपके दिसले की ते खाचेत मूळ धरायच्या आत धुवावे लागतात.

जुन्या बाजारातून घेतलेल्या रेकॉर्डचा आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत सिरॅमिक कार्ट्रिजचे प्लेअर होते. त्यांची पिन रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅमचा किंवा त्याहून जास्त भार टाकायची. आजच्या चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. त्यात पिन बोथट होईपर्यंत बदलत नसत. अशी रेकॉर्ड वरून चकचकीत दिसते, पण खाचेच्या भिंती झिजलेल्या असतात. धुण्याने चरचर कमी होईल, झीज भरून येणार नाही. म्हणून विकत घेण्याआधी शेवटचं गाणं वाजवून ऐकावं. तार स्वर स्वच्छ लागले तर रेकॉर्ड चांगली.

मग ओढ कशाची?

एवढे त्रास सांगूनही मी रेकॉर्ड का घेते, तर पहिलं कारण म्हणजे कित्येक गाणी फक्त रेकॉर्डवरच आहेत. कंपन्यांनी सीडी काढताना खपणारी नावं घेतली. ज्यांच्या दोन-चारच तबकड्या निघाल्या अशा गायिका, नाटकमंडळीतले नट, कीर्तनकार, सनईवादक मागे राहिले. ती तबकडी फुटली की तो आवाज गेला. मुंबईत 1990 पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आणि तिच्यासाठी आयुष्य वेचणारे सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी यादी करून, लिहून, ऐकवून हा ठेवा लोकांसमोर ठेवला. एरवी त्यातलं किती भंगारात गेलं असतं!

दुसरं कारण कव्हर. एलपीच्या पाठीवर एक फूट लांब-रुंद जागा असते आणि त्या काळी ती मनापासून भरली जाई: गायकाची तालीम कुणाकडे झाली, राग कोणता, बंदिशीचे बोल, ताल, साथीला कोण. मी रागांची वेळ आणि घराण्यांची नावं बरीचशी कव्हरच्या पाठीवरून शिकले. त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी निघाली तेव्हा डबीतल्या कागदावर कंपनीच्या इतर सीडींची यादी आली आणि तबल्याला कोण होतं ते गळालं. माझ्याकडे अशी अनेक उदाहरणं आहेत.

तिसरं कारण ऐकण्याच्या पद्धतीचं आहे. रेकॉर्ड लावायची तर ती काढावी लागते, पुसावी लागते, पिन ठेवावी लागते आणि वीस मिनिटांनी उठून उलटावी लागते. मधलं गाणं वगळायचं मनात येतं, पण हात जात नाही. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 1967ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही एलपी काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस क्रमाने रंगवते. ती क्रमानेच ऐकावी लागते, आणि रेकॉर्ड तो क्रम राखते. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं सांगतात की, फोनवर त्यांचं एक गाणं पुरं ऐकून होत नाही, पण रेकॉर्डची पूर्ण बाजू ती बसून ऐकतात. बसून ऐकणारा श्रोता तयार होणं ही आपल्या संगीतासाठी मोठी गोष्ट आहे.

चौथं कारण साधेपणाचं. खाचेतला आवाज उलगडायला कुठलंच गणित लागत नाही. कागदाच्या नळकांड्याला सुई लावून फिरत्या तबकडीवर धरली तरी गाणं ऐकू येतं. चांगल्या रेकॉर्डवर मात्र हा प्रयोग करू नये, ती कायमची खराब होईल. सीडीचं तसं नाही; प्लेअर, लेसर आणि आकडे उलगडणारी चिप यांच्याविना ती मुकी आहे.

रेकॉर्डचा आवाज 'उबदार' लागतो म्हणतात, त्यालाही कारणं आहेत. खर्ज सहसा दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो, अगदी वरचे सूर थोडे मऊ होतात आणि पिनच्या घर्षणातून मूळ स्वरात किंचित भर पडते. ती भर अनेकांना गोड लागते, मलाही लागते. शिवाय 1990च्या दशकापासून पाश्चात्त्य पॉप आणि पुढे आपल्या चित्रपटसंगीताच्या सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात भरण्याची चढाओढ लागली. बारीक आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणून ठेवला. त्या सीडीपेक्षा जुनी एलपी मोकळी वाटली तर तो दोष सीडी भरणाऱ्याचा आहे, सीडीचा नाही. 78च्या तबकड्यांवरून केलेल्या सीडींतही चरचर काढण्याच्या भरात तानपुरा आणि आवाजातली धार पुसली गेलेली आढळते.

सीडी कुठे दगा देते

सीडी अमर आहे अशी जाहिरात होती. ते खरं नव्हतं. तिच्यातला ॲल्युमिनियमचा चकाकता थर लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त वार्निशचा पातळ लेप असतो. लोक खालची बाजू जपतात आणि सीडी उलटी, लेबल खाली करून ठेवतात. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक असतं आणि तिथला ओरखडा बऱ्याचदा घासून काढता येतो. लेबलवरचा खोल ओरखडा थेट आकड्यांचा थर नेतो, त्याला उपाय नाही. लेबलवर बॉलपेनने लिहू नये ते याचसाठी. लेप फुटला किंवा कडेने हवा शिरली की ॲल्युमिनियम गंजतं. सीडी दिव्यासमोर धरली आणि टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर थर जायला लागला आहे.

दोघींच्या म्हातारपणातही मोठा फरक आहे. रेकॉर्ड हळूहळू झिजते, चरचरीतून आधी सूचना देते आणि शेवटपर्यंत काहीतरी ऐकवते. सीडीतली दुरुस्तीची सोय बिघाड झाकून ठेवते. ती वर्षानुवर्षं निर्दोष वाजते आणि बिघाड सोयीच्या आवाक्याबाहेर गेला की एके दिवशी उघडतच नाही.

2021च्या जुलैमधल्या पुरानंतर चिपळूणच्या एका कुटुंबाने चिखलात बुडालेल्या एलपी माझ्याकडे आणल्या. कव्हरं लगदा झाली होती, बरीच लेबलं निघून गेली होती. तबकड्या साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतल्या तर बहुतेक सगळ्या वाजल्या. कोणती कुठली हे कळायला लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक कामी आला. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तो असतो. त्याच कपाटातल्या घरी भरलेल्या सीडींपैकी एकही उघडली नाही.

काय घ्यावं, काय जपावं

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. शास्त्रीय संगीत पूर्ण लांबीत ऐकायचं असेल तर सीडी घ्या. जुन्या सीडी आज शंभर-दीडशे रुपयांत मिळतात, आणि चांगला जुना सीडी प्लेअरही परवडतो. नव्या एलपीला हजार-दोन हजारांच्या पुढे मोजावे लागतात. जे सीडीवर आलेलंच नाही, किंवा ज्याचं कव्हर तुम्हाला वाचायचं आहे, त्यासाठी ते मोजा. डिजिटल फायलीवरूनच छापलेल्या नव्या एलपीत सीडीपेक्षा अधिक आवाज सापडणार नाही.

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा तर भार मोजून लावता येईल असा घ्या. पेटीच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला छान असतात, पण त्यांतल्या बहुतेकांची पिन जड असते आणि भार बदलता येत नाही. सुरुवातीचे पैसे पिनवर घाला आणि पाचशे ते हजार तास वाजल्यावर ती बदला. 78च्या तबकड्यांची खाच रुंद असते. त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची पिन लागते. एलपीची पिन त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खराब होते.

साफसफाईचे नियम दोघींचे उलटे आहेत. एलपी खाचेच्या दिशेने, गोलाकार पुसायची. सीडी मधून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसायची, कारण गोल ओरखडा खड्ड्यांच्या रांगेबरोबर धावतो आणि दुरुस्तीची सोय तिथे अपुरी पडते. 78च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सगळ्या तबकड्या उभ्या, कोरड्या जागी, भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा.

आणि सर्वांत आधी घरी भरलेल्या सीडी शोधा. साधारण 2000 ते 2010च्या काळात घरोघरी लग्नं, गुरूची तालीम, आजीच्या ओव्या, गणपतीतली आरती संगणकावरून सीडीवर भरून ठेवली गेली. या सीडींत छापलेले खड्डे नसतात. रंगाच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात. तो रंग ऊन आणि दमट हवेत उडतो. माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंत सर्वांत जास्त निराशा यांनीच केली आहे, कारण त्यांतल्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नसते. सत्तर वर्षांपूर्वीची 78ची तबकडी मी आजही वाजवून देऊ शकते. पंधरा वर्षांपूर्वी घरी भरलेल्या सीडीबद्दल तसा शब्द देता येत नाही. तुमच्या कपाटात अशी सीडी असेल तर या आठवड्यातच ती संगणकावर उतरवा, प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि कोण गातंय, साथीला कोण, कुठे आणि कधी, हे तिच्यासोबत लिहून ठेवा.